कोट घालून चहा

मास्टरीणला दिसत नाही असं कुणी म्हटलं की ती चिडायची, आणि दिसतं असं म्हटलं की त्याहून जास्त चिडायची. तिच्या डोळ्यांमधला नेमका मधला भाग कामातून गेला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या. समोरच्या माणसाकडे सरळ पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग, पण मान वळवून तिरकं पाहिलं तर त्याच माणसाच्या बाहीला झोल आलाय हे तिला कळायचं. डॉक्टर म्हणाले होते, आता कडेने बघायची सवय लावून घ्या. एकतीस वर्षं सरळ रेषेत कापड कापलेल्या बाईला हे सांगायला त्यांचं काय जात होतं.

ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला होती. दवाखान्यातले पांढरे कोट, वेटरांची जाकिटं, कामगारांचे डगले. कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वर खडूने आखायचं आणि एका दमात कापायचं, हे तिचं काम. कापणाऱ्याला मास्टर म्हणतात म्हणून तिला मास्टरीण म्हणू लागले, आणि हळूहळू घरचेही तेच म्हणायला लागले. दीड वर्षापूर्वी एकदा चाळीसच्या चाळीस कोटांची डावी बाही बोटभर आखूड निघाली. कुणी काही बोलायच्या आत तिने कात्री टेबलावर ठेवली, हाताचा खडू झटकला आणि ती घरी निघून आली. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही, तेव्हा आपणही नको.

नवरा काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. एकोणतीस वर्षं तो एका उजळ पांढऱ्या फळीसमोर स्टुलावर बसला. समोरच्या पट्ट्यावरून बरण्या सरकत जायच्या आणि हा प्रत्येकीकडे क्षणभर बघून मनात म्हणायचा, पास, पास, पास, बाद. बाद झालेली बरणी का बाद झाली, हे त्याला कुणी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर बरण्या थांबल्या, निकाल काही थांबले नाहीत. शेजाऱ्याने बसवलेला नवा दरवाजा बाद. जावई पास. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं गाणं बाद, आणि त्या बाई जिन्यात भेटून हसल्या तरी बादच.

आता अशा माणसाच्या तोंडून सिनेमा ऐकायचा म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

रोज संध्याकाळी सात ते नऊ दोघं टीव्हीसमोर बसायची. तो खुर्चीत, ती दिवाणाच्या टोकाला, तोंड खिडकीकडे करून, कारण तसं बसलं तरच पडदा नजरेच्या कडेत यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्यावर रुसून बसली आहे. बऱ्याचदा ते खरंही असायचं. संवाद ऐकू यायचे, त्यामुळे गोष्ट कळायची, पण पात्रं बोलायची थांबली की तिचं सगळं घोडं अडायचं.

"आता काय झालं?" ती विचारायची.

"काही नाही. उभा आहे बावळटासारखा."

कुठे उभा आहे, कुणाकडे बघतोय, हातात काय आहे, असं खोदून खोदून विचारलं तर तो म्हणायचा, अगं आहे कुठेतरी, माणूसच बाद आहे. म्हणजे निकाल हातात, बरणी कुठेच नाही. मास्टरीणच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला त्याचं मत नको होतं. मत तिचं तिला बनवता येत होतं, त्यासाठी लागणारा माल तेवढा त्याने पुरवायचा होता. आणि हल्लीच्या मालिकांना शेवट तोंडाने सांगायची लाज वाटते की काय कोण जाणे. शेवटची पाच मिनिटं कुणी चकार शब्द बोलत नाही, नुसतं एक संथ वाद्य वाजत राहतं. म्हणजे सहा-सहा तास मान वाकडी करून बसायचं आणि शेवटी सगळं नवऱ्याच्या हवाली.

एवढा खटाटोप ती कशासाठी करायची, तर बुधवारसाठी.

काम सुटलं तरी बुधवार सुटला नव्हता. दर बुधवारी बाराच्या सुमाराला नवरा तिला कारखान्यात सोडायचा. सोडायचा म्हणजे काय, तर तिचं कोपर घट्ट धरून, वाटेत खड्डा आला की उजवीकडे ओढायचा, पायरी आली की वर उचलायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. फाटकाच्या आतल्या दोन पायऱ्यांवर तर ती दर वेळी पोत्यासारखी चढवली जायची. आत गेल्यावर ती कापायच्या लांब टेबलाच्या टोकाला बसून हाताने चाचपून बटणं निवडायची. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. एकला डबे उघडले की खरी बैठक सुरू व्हायची, आणि बैठकीत विषय एकच, कुणी काय बघितलं.

या विषयात मास्टरीणचा शब्द कारखान्यात कुणी खाली पडू दिला नव्हता. ती म्हणाली एखाद्या सिनेमात राम नाही, की बाया तो बघायच्या नाहीत. पण म्हणून भांडायच्या नाहीत असं नव्हे. काज करणारी काजवाली तिच्याच वयाची, दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या. एका पोलिसाच्या मालिकेवरून त्या दोघी अशा कडाकडा भांडल्या होत्या की दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. इस्त्रीवाली वयाने लहान, स्वभावाने मऊ, पण रडक्या सिनेमाला कुणी नावं ठेवली की तीही इस्त्री आपटायची. मास्टरीणच्या मते दिवसातला तो अर्धा तास हाच काय तो खरा पगार होता.

डोळे गेल्यापासून मात्र तिचा मान फारच वाढला होता. ती काही म्हणाली की काजवाली म्हणायची, अगदी बरोबर. इस्त्रीवाली म्हणायची, हो ताई, मलाही तसंच वाटलं. पहिले काही महिने मास्टरीणला बरं वाटलं. नंतर ते मचूळ लागायला लागलं. तिने मुद्दाम उलटसुलट मतं देऊन बघितली, तरी तेच, अगदी बरोबर. वाद म्हणून होईना. तिला वाटलं, बाया थकल्या असतील, वय झालं.

त्यात महिन्यापूर्वी तिच्या टेबलावर नवी कटर आली. तिशीतली होती, तिला सगळे नवीच म्हणायचे. मास्टरीणला ती पहिल्या दिवसापासून खटकली. दिसली नाही, ऐकू आली. कापताना ती कात्री शेवटपर्यंत मिटायची, कच्च करून. लांब काप घेताना कात्री पूर्ण मिटायची नसते, मिटली की तिथे कापडाला दात येतात, हे शाळकरी पोरीलाही कळावं. मास्टरीणने तिला तसं सांगितलं. नवी म्हणाली, मावशी, मला अशीच सवय आहे आणि माझे दात येत नाहीत, हात लावून बघा. मास्टरीणने हात लावून बघितला. दात नव्हते. त्याचा राग तिला आठवडाभर पुरला.

तर त्या बुधवारी टेबलावर विषय होता जहाजावरच्या स्वयंपाक्याचा. सहा भागांची मालिका, सगळ्यांनी त्याच आठवड्यात संपवलेली. जहाजावर जन्मभर स्वयंपाक केलेला एक माणूस निवृत्त होऊन घरी येतो, तर बायकोचे पाय गेलेले, भिंतीला धरून जेमतेम चार पावलं टाकणारी. मग तो तिचं सगळं करतो. अगदी सगळं. तिचे केस विंचरतो, तिची पत्रं वाचतो, तिच्या वतीने उत्तरं लिहितो, आणि ती चमचा उचलायला गेली तर आधी स्वतः उचलतो. शेवटच्या भागातली शेवटची सात मिनिटं कुणी बोलत नाही. त्या सात मिनिटांत काय झालं हे नवऱ्याने मास्टरीणला सांगितलं होतं. ती जरा बरी झाली, दोघं ओसरीत बसून चहा पितायत, संपलं. पास.

मास्टरीणने डबा बाजूला सारला आणि आपला निकाल दिला. मालिका चांगली आहे, तो स्वयंपाकी छान आहे, पण कपडेवाल्यांना अक्कल नाही. शेवटी बाई ओसरीत बसून चहा पितेय, आणि अंगात काय, तर पायघोळ कोट. "मी कडेने नीट बघितला. जाड कापड, आतून अस्तर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कापलाय झकास, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कोट घालून घरात चहा कोण पितं?"

काजवालीने घाईघाईने म्हटलं, खरं आहे बाई, हल्ली कोण लक्ष देतं. इस्त्रीवाली म्हणाली, हो ना ताई.

"पण मावशी, ती चहा कुठे पिते?" नवी म्हणाली. "ती निघून जाते ना. बहिणीकडे. गाडी बोलावते आणि त्याला न सांगता जाते. म्हणून तर कोट."

काजवालीने टेबलाखालून नवीला पाय मारला. तो लागला मास्टरीणला.

आणि मग तिला सगळं कळलं. एकदम नव्हे, थर एकेक करून उचलावेत तसं. कोट बरोबर होता. तिचे अर्धे मेलेले डोळे बरोबर होते. चहा खोटा होता. आणि काजवालीला ते माहीत होतं, इस्त्रीवालीला माहीत होतं, आणि माहीत असून त्या म्हणाल्या होत्या, अगदी बरोबर.

"आणि मार्चमधल्या सिनेमातला तो दीपगृहाचा रखवालदार," ती सावकाश म्हणाली. "तो शेवटी सापडतो की बुडतो?"

प्रश्न तिने थेट नवीलाच केला होता. नवी म्हणाली, बुडतो. वकिलीण खटला जिंकते की हरते? हरते, मावशी. त्या दोन भावांचं दुकान? जळतं. नवीचा आवाज दर उत्तराला लहान होत गेला, पण ती खोटं बोलली नाही, एवढं मात्र खरं.

मास्टरीण इतरांकडे वळली. मार्चमध्ये रखवालदार सापडला म्हणून तिने अर्धा तास भाषण ठोकलं होतं, की हल्लीचे लेखक भित्रे, माणसाला बुडू देत नाहीत. त्या भाषणाला या दोघींनी माना डोलावल्या होत्या. लहान पोराने रेघोट्या ओढून हत्ती म्हटलं की मोठी माणसं डोलावतात तशा.

इस्त्रीवाली रडवेली होऊन म्हणाली, तुम्ही एवढ्या रंगून सांगत होतात ताई, मन नाही झालं. काजवाली डबा आवरायला लागली. मास्टरीणला तिचाच जास्त राग आला. पोलिसाच्या मालिकेवरून दोन दिवस अबोला धरणारी बाई ही, आणि हिने आपल्याला सोडून दिलं. डोळे गेल्याचं दुःख तिने गिळलं होतं. पण आपल्याशी कुणी भांडायलाही येऊ नये, इतकं आपलं काही उरलं नाही, हे तिला गिळता येईना.

दोनला नवरा आला. त्याने कोपर धरलं, पायऱ्यांवरून तिला खाली घेतलं, रस्त्यात दोनदा ओढलं. ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. त्याला वाटलं, डबा आवडला नसेल.

घरी आल्यावर तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि एकेक सिनेमा काढला. खालच्या कोर्टात वकील उलटतपासणी घेतात तशी. रखवालदार? बुडला. वकिलीण? हरली. भावांचं दुकान? तो म्हणाला, थोडं जळतं. थोडं म्हणजे किती? सगळं. मग तिने विचारलं नव्हतं तेही त्याने आपण होऊन सांगून टाकलं, की दुसऱ्या एका सिनेमातला तो हरवलेला कुत्राही परत येत नाही. त्या कुत्र्यासाठी मास्टरीण महिनाभर मनातून खूश होती.

त्याचं म्हणणं फार साधं होतं. दिवसभर ती घरात चाचपडायची, चिडचिड करायची, आणि संध्याकाळी एखादी गोष्ट गोड झाली की हसायची. पहिल्यांदा बदललं तेव्हा ती हसली. मग सवयच झाली. "बाद माल मी तुझ्यापर्यंत येऊ दिला नाही, एवढंच," तो म्हणाला.

"मी काय बरणीत ठेवायचं लोणचं आहे?" मास्टरीण म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. तिने सांगितलं, आणि अगदी सरळ शब्दांत सांगितलं, की डोळ्यांनी तिला अर्धं टाकलं, बाकीचं अर्धं नवऱ्याने काढून घेतलं. तिला रडायचं कशावर हे तो ठरवणार, हसायचं कशावर हे तो ठरवणार, आणि चारचौघींत ती ठामपणे जे बोलेल ते मुळात झालेलंच नसणार. दीड वर्षं ती भर टेबलावर उताणी पडली होती आणि कुणी तिला उठवलंही नव्हतं.

तो ऐकून घेत होता. मान खाली होती की कसं ते तिला दिसलं नाही, पण खुर्ची कुरकुरली नाही.

मग ती दिवाणाच्या टोकाला जाऊन बसली, तोंड खिडकीकडे केलं आणि म्हणाली, स्वयंपाक्याचा शेवटचा भाग लावा. भर दुपारी चारला. आणि आता जे दिसेल तेवढंच सांगायचं. पास नाही, बाद नाही, बिचारा नाही, बावळट नाही.

त्याने लावला. संवाद संपेपर्यंत दोघं गप्प होती. मग ते संथ वाद्य सुरू झालं आणि त्याला घाम फुटला असावा, कारण तो दोनदा खाकरला. उभ्या आयुष्यात हा माणूस निकालाशिवाय वाक्य बोलला नव्हता.

"ती खाटेवर बसलीय," तो म्हणाला. "कोट घालतेय. बटणं लावतेय, वरपर्यंत. वेळ लागतोय. तो बाहेर... तो बाजारात गेलाय, रिकामं दार दाखवतायत. ती भिंत धरून उठली. हळू..." तो थांबला. "हळू म्हणू का?"

"ते दिसतंय ना? मग म्हणा."

"हळू चालतेय. भिंत संपली. टेबल धरलं. दाराबाहेर गाडी आहे, गाडीवाला खाली उतरलाय, हात पुढे करतोय. तिने हात धरला नाही. स्वतःच बसली. गाडी गेली. आता तो आला. हातात पिशवी आहे. दारात उभा आहे."

"चेहरा?"

"पाठमोरा आहे. चेहरा दाखवत नाहीत." त्याने खुर्ची पुढे ओढली. "पिशवी खाली ठेवली. चहाचं आधण ठेवतोय. दोन कप काढले. एक परत ठेवला."

संपलं. तर चहा होता म्हणायचा. निदान तेवढं त्याने हवेतून आणलं नव्हतं.

दीड वर्षात पहिल्यांदा कुठल्या तरी गोष्टीचा शेवट तिच्यापर्यंत आख्खा पोचला होता. तिच्या मनात मत तयार व्हायला लागलं होतं, जुन्या सवयीने, कापडावर खडू टेकल्याबरोबर हात आपोआप वळावा तसं.

"हा शेवट मी तुझ्यासाठी नाही बदलला," नवरा म्हणाला. "मलाच बघवला नाही." आणि मग त्याने जे तिला दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला काय वाटतं? बरोबर केलं तिने?"

तो कुणाबद्दल विचारतोय हे न कळायला मास्टरीण काही दूधखुळी नव्हती. नाही हो, चुकलंच तिचं, एवढे चार शब्द म्हटले असते तर माणूस सुखाने उठून चहाला लागला असता. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मग त्याच्यात आणि तिच्यात फरक काय राहिला असता.

"गेली ते बरोबर केलं," ती म्हणाली. "खरं तर दुसऱ्या भागातच जायला हवं होतं, त्याने पहिलं पत्र वाचलं तेव्हाच. न सांगता गेली, ते मला पटलं नाही. पाठ फिरवून जाण्याइतका तो वाईट नव्हता. तोंडावर सांगून जायचं."

नवरा म्हणाला, मला नाही पटत, तिने जायलाच नको होतं. का, ते मात्र त्याला सांगता येईना. एकोणतीस वर्षांत बाद का हे कुणी विचारलं नव्हतं ना, त्याची सवय नव्हती. ती मागे लागली, का नको होतं, कारण सांगा. तो अडखळत सांगत गेला, ती खोडत गेली, आणि दोघंही चिडली, आणि त्या दिवशी चहा कुणीच केला नाही.

पुढच्या बुधवारी डबे उघडल्यावर मास्टरीणने कुणी विचारायची वाट बघितली नाही. स्वयंपाक्याच्या बायकोबद्दलचं आपलं मत तिने टेबलावर मांडलं. गेली ते बरोबर, न सांगता गेली ते चूक. काजवाली म्हणाली, अगदी बरोबर, आणि लगेच जीभ चावली.

"चूक कसं, मावशी?" नवी म्हणाली. तिची कात्री कच्च करून मिटली. "सांगितलं असतं तर त्याने जाऊ दिलं असतं का?"

इस्त्रीवालीने नवीला गप्प राहायची खूण केली असावी, कारण नवी म्हणाली, काय झालं, मी विचारतेय फक्त. मास्टरीणने हात वर केला. "बोलू दे तिला," ती म्हणाली.

नवी बोलली. जी बाई चमचा उचलायला गेली तर नवरा आधी उचलतो, तिने जाते म्हणायचं आणि त्याने तिची बॅगही उचलून आत ठेवायची, हेच झालं असतं. मग काजवालीला राहवलं नाही. ती म्हणाली, मुळात ती बाईच खत्रूड होती, आणि मास्टरीण, तू नेहमी खत्रूड बायांचीच बाजू घेतेस, त्या पोलिसाच्या वेळीही घेतली होतीस. इस्त्रीवालीने स्वयंपाक्याची बाजू घेतली. डबे गार झाले. मास्टरीणने सगळ्यांना उत्तरं दिली, पण नवीच्या प्रश्नाला तिला उत्तर सापडेना. बटणांत हात घालून ती शोधत राहिली, आणि दोन वाजले. ती सरळ सरळ हरली होती, आणि हरल्याचा तिला मनस्वी संताप आला होता.

नवरा आला. त्याने तिचं कोपर धरलं. अंगणातून फाटकाकडे चालताना ती धुमसत होती. त्याने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, हरले. मग तिने तोच प्रश्न त्याच्यापुढे टाकला, नवीने टाकला तसाच.

"मी सांगितलं असतं, की मी जाते, तर तुम्ही जाऊ दिलं असतं?"

तो चालायचा थांबला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता डाग. मान वळवून बघितलं असतं तर फार तर त्याची बाही दिसली असती. ती वळली नाही. दीड वर्षात तिला काय ऐकायला आवडतं हे त्याला तोंडपाठ झालं होतं, आणि तो तेच म्हणेल याची तिला भीती वाटली.

"नाही," तो म्हणाला. "नसतं जाऊ दिलं."

मग त्याने तिच्या कोपरावरचा हात काढला. दोन-चार पावलं ती एकटीच चालली, तो शेजारून.

"पुढे पायरी आहे," तो म्हणाला.

"चढायची की उतरायची, ते कोण सांगणार?" मास्टरीण खेकसली.

"उतरायची," तो म्हणाला. "दोन आहेत."